श्रद्धेतून सेवा करणाऱ्या माणसासाठी पद्म पुरस्काराचं नामांकन कसं भरावं

पद्म पुरस्कारासाठी कोणताही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो. आमदाराचं शिफारसपत्र सक्तीचं नाही, फी नाही, दिल्लीची ओळखही लागत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो मोबाइलवरूनही भरता येतो. तरीही कीर्तनकार, मठातले सेवेकरी, चर्चच्या कामातल्या सिस्टर, दर्ग्याजवळ लंगर चालवणारे, गुरुद्वाऱ्यातले सेवादार अशांची नावं सुचवायला माणसं कचरतात. कारण त्यांच्या कामाचा कागद कुठेच नसतो. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू द्यायचं नाही, अशा संस्कारात ही माणसं वाढलेली असतात.

आमच्या तालुक्यातल्या एका कीर्तनकार बाईंसाठी मी हे नामांकन भरलं. सरकारी रुग्णालयाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्या अन्नछत्र चालवतात. अर्ज भरताना लक्षात आलं की सगळी अडचण एकाच ठिकाणी आहे. आपण त्या माणसाची भक्ती लिहायला बसतो आणि अर्जाला हवा असतो त्या भक्तीतून उभ्या राहिलेल्या कामाचा हिशेब. हे एकदा उमगलं की पुढची वाट बरीच सोपी होते. नव्यानं नामांकन भरणाऱ्यांसाठी ती वाट इथे क्रमानं लिहितो आहे.

१. आधी त्यांना विचारा

नामांकन पाठवायला उमेदवाराची लेखी संमती लागत नाही. निवड झाल्यावर, नाव जाहीर होण्याआधी, गृह मंत्रालयाकडून अनौपचारिक विचारणा होते. पण त्यावर विसंबून राहू नका. ज्यांच्या नावानं तुम्ही अर्ज करताय, त्यांच्यासमोर बसून बोला.

या क्षेत्रात नकार नवा नाही. विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी मराठीतूनही प्रवचनं करत आणि सीमाभागात त्यांना मानणारी घरं खूप आहेत. २०१८ ची पद्मश्री त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून नम्रपणे नाकारली. गाडगेबाबा तर कोणाला पायाही पडू देत नसत. ज्या परंपरेत मान घेणं हाच भक्तीतला अडथळा समजतात, तिथल्या माणसाला न विचारता अर्ज करणं मला योग्य वाटत नाही.

विचारताना खरं तेच सांगा. पद्म पुरस्कारात राष्ट्रपतींच्या सहीची सनद मिळते, पदक मिळतं आणि पदकाची छोटी प्रतिकृती मिळते. रोख रक्कम नाही, रेल्वे किंवा विमानाच्या तिकिटात सवलत नाही. “माई, अन्नछत्राला पैसे मिळतील,” असं सांगून होकार घेऊ नका. “काम लोकांसमोर येईल, पुढच्या मुलांना ते चालवायला बळ मिळेल,” एवढं खरं आहे आणि तेवढं पुरतं. आमच्या बाईंनी एकच अट घातली, की गावात कोणाला सांगायचं नाही. ती अट आम्ही पाळली. तुम्हीही पाळा, त्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

स्पष्ट नकार आला तर तिथेच थांबा. मान देण्याच्या दुसऱ्या रीतीही आहेत, त्या शेवटी सांगितल्या आहेत.

२. पात्रता तपासा

हे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री अशा तीन पायऱ्या आहेत. जात, धर्म, व्यवसाय, हुद्दा, स्त्री-पुरुष असा कसलाही भेद नाही. वर्षाला जास्तीत जास्त १२० पुरस्कार देतात. मरणोत्तर पुरस्कार आणि अनिवासी भारतीय, परदेशी नागरिक, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक यांचे पुरस्कार या आकड्यात धरत नाहीत. म्हणजे परदेशात राहून सेवाकार्य उभं करणाऱ्या मराठी माणसाचं नावही पाठवता येतं.

नाव कुठे अडतं ते आता बघा.

सरकारी नोकर पात्र नसतात. सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारीही नसतात. डॉक्टर आणि वैज्ञानिक एवढाच अपवाद. आपल्याकडे कीर्तन, प्रवचन आणि समाजसेवा करणारे बरेच जण शाळेत, एसटीत किंवा महसूल खात्यात नोकरीला असतात. ते अजून सेवेत असतील तर निवृत्तीपर्यंत थांबा आणि तोवर कागद जमवा.

मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत, अगदी अपवादात्मक प्रसंगी देतात. म्हणून पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांचा अर्ज “पुढच्या वर्षी बघू” म्हणून ठेवू नका.

पुरस्कार व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. श्रद्धेच्या कामात हे फार आड येतं, कारण अशी माणसं “मी काही केलं नाही, सगळं मंडळानं केलं” असंच म्हणतात. अर्जात तुम्हाला त्या व्यक्तीनं नेमकं काय सुरू केलं, कोणता निर्णय घेतला, कोणत्या अडचणीत ती पुढे उभी राहिली, हे वेगळं काढून दाखवावं लागेल. त्यासाठी त्यांच्याशी कमी आणि जुन्या सहकाऱ्यांशी जास्त बोला.

आधी पद्म पुरस्कार मिळालेला असेल तर वरच्या पायरीसाठी साधारणपणे पाच वर्षांचं अंतर लागतं. पहिल्यांदा नाव पाठवताना पद्मश्रीसाठी पाठवणं मला जास्त सुज्ञपणाचं वाटतं.

३. क्षेत्र नीट निवडा

अर्जात कार्यक्षेत्र निवडायचं असतं: कला, समाजसेवा, सार्वजनिक जीवन, विज्ञान आणि अभियांत्रिकी, व्यापार-उद्योग, वैद्यक, साहित्य आणि शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा आणि शेवटी ‘इतर’. अध्यात्म हे या ‘इतर’मध्ये येतं. योग, वन्यजीव रक्षण, भारतीय संस्कृतीचा प्रसार हे विषयही तिथेच येतात.

मग महाराजांसाठी अध्यात्म निवडायचं की समाजसेवा? ते कोणत्या संप्रदायाचे आहेत यावर हे ठरत नाही. तुमच्याकडे पुरावा कशाचा आहे यावर ठरतं. आपल्याच किनाऱ्यावरची दोन उदाहरणं घ्या. रेवदंड्याचे अप्पासाहेब धर्माधिकारी यांचं नाव घेतलं की आधी श्रीबैठक आणि निरूपण आठवतं. पण २०१७ ची पद्मश्री त्यांना समाजसेवेसाठी मिळाली. श्रीसदस्यांनी, म्हणजे त्यांच्या अनुयायांनी, हातात झाडू घेऊन केलेली स्वच्छता आणि वृक्षारोपण लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं काम होतं. गोव्यात कुंडई इथल्या तपोभूमीचे ब्रह्मेशानंदाचार्य स्वामी यांना २०२२ ची पद्मश्री अध्यात्म या विषयात मिळाली. दोघंही गुरुस्थानी असून क्षेत्रं वेगळी.

माझा आडाखा असा. शिकवण, ग्रंथनिष्ठा, साधनेचा प्रसार हे मुख्य काम असेल तर अध्यात्म. जेवण, औषध, शाळा, नदी, व्यसनमुक्ती, बेवारस मृतांचे अंत्यसंस्कार असं काही मुख्य असेल तर समाजसेवा, मग अंगावर भगवं असो, पांढरं असो वा हिरवं. दोन्ही तेवढंच भरीव असेल तर ज्याची कागदपत्रं पक्की आहेत ते निवडा.

४. कागद जमवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पोर्टल उघडण्याआधीच हे काम सुरू करा.

जमेल तेवढं यातून गोळा करा:

– उमेदवाराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, संपर्क. नाव आधार कार्डावर आहे तसंच. ‘ह.भ.प.’, ‘प.पू.’, ‘संत’, ‘हजरत’, ‘फादर’ हे नावाच्या रकान्यात लिहू नका. लोक त्यांना ज्या नावानं ओळखतात ते मजकुरात येऊ द्या.
– न्यास असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा), गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.
– ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ठराव किंवा पत्र.
– ज्या जागी सेवा चालते तिथलं पत्र: रुग्णालय, शाळा, तुरुंग, वसतिगृह.
– वर्तमानपत्रांची कात्रणं, वृत्तपत्राचं नाव आणि तारीख दिसेल अशी.
– तारीख आणि ठिकाण लिहिलेले फोटो. सत्काराचे कमी, कामाचे जास्त.
– लाभ मिळालेल्या माणसांची पत्रं, त्यांच्या परवानगीनं.
– आधी मिळालेल्या पुरस्कारांची यादी.

यातलं सगळं प्रत्येकाकडे असणार नाही. आमच्याकडे तर सुरुवातीला जवळपास काहीच नव्हतं. गुप्तदानाची रीत असलेल्या ठिकाणी पावतीपुस्तक नसतं आणि किती जण जेवले याची वही कोणी ठेवलेली नसते. मग मागच्या दारानं शिरावं लागतं. किराणा दुकानदाराकडे उधारीची खाती जपलेली असतात. गॅस सिलिंडरच्या पावत्या मिळतात. मंडपवाला, पाण्याचा टँकरवाला, पत्रावळीवाला या सगळ्यांना तारखा आठवतात आणि काहींकडे बिलंही असतात. महिन्याला तांदूळ, डाळ, पीठ किती आलं यावरून ताटांचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज कसा बांधला ते एका कागदावर हिशेबासह लिहा आणि त्याला ‘अंदाज’च म्हणा. मोठा पण बिनबुडाचा आकडा देण्यापेक्षा लहान आकडा द्या आणि तो कुठून आला ते सांगा. अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास त्यानंच बसतो.

आणि आजपासून वही सुरू करा. शंभर पानी वही, तारीख, किती जण, कोण वाढपी, बस्स. ती यंदाच्या अर्जाला उपयोगी पडली नाही तरी पुढे पडेल.

एक अवघड विषय इथेच उरकून घ्या. ज्यांची निवड होते त्यांच्या पार्श्वभूमीची केंद्रीय यंत्रणांकडून पडताळणी होते. देवस्थानं आणि मठ यांच्याभोवती जमिनीचे वाद, विश्वस्तांमधली भांडणं, धर्मादाय कार्यालयात अडकलेले बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचे) हे नेहमीचं आहे. त्यात उमेदवाराचं नाव आहे का, फौजदारी तक्रार आहे का, हे आदरानं पण सरळ विचारा. भाविकाला हा प्रश्न विचारायला जड जातं, हे मला माहीत आहे. पण वाद असेल आणि तो तुम्हाला आधी कळला नसेल, तर त्या माणसाच्या नावाची नको ती चर्चा व्हायला तुम्हीच कारण होता.

५. आठशे शब्दांचा मजकूर

अर्जाचा जीव इथे आहे. उमेदवाराच्या कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत सलग लिहायचं असतं. त्यापेक्षा एक शब्दही जास्त नको. नुसती गुणवत्ता नव्हे, तर तिच्यापलीकडे जाऊन समाजासाठी काय केलं हे निवड करणारे बघतात. त्यामुळे हा मजकूर कामाभोवती फिरला पाहिजे.

आधी ते काम एका वाक्यात सांगून बघा. ज्यांना हा मान मिळाला त्यांचं काम असं सांगता येतं. फैजाबादचे मोहम्मद शरीफ, पद्मश्री २०२०: सायकल दुरुस्ती करणारा माणूस, मुलाच्या मृत्यूनंतर बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या धर्मानुसार करू लागला. चंदीगडचे जगदीशलाल आहुजा, तेही २०२०: पीजीआय रुग्णालयाबाहेर गरीब रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी लंगर. पंजाबचे संत बलबीरसिंग सीचेवाल, पद्मश्री २०१७: गुरू नानकांच्या आठवणीशी जोडलेली, सुमारे १६० किलोमीटर लांबीची काली बेईन नदी २००० सालापासून कारसेवेनं, म्हणजे भाविकांच्या श्रमदानानं, साफ केली.

सीचेवाल यांचं उदाहरण पुन्हा वाचा. सुलतानपूर लोधीला गुरू नानकांनी ज्या बेईनच्या पाण्यात स्नान केलं, तिचा नाला झाला होता. भक्तीनं कारण दिलं, कारसेवेच्या परंपरेनं माणसं आणि कुदळी दिल्या, आणि हाती आलं ते वाहतं पाणी. कारण, रीत, फळ. श्रद्धेला मजकुरात जागा द्यायची ती अशी. ती लपवू नका, कारण तिच्याशिवाय ते काम समजतच नाही. तिच्यावर चार परिच्छेदही लिहू नका.

आता नमुना बघा. पहिल्या खर्ड्यात आपण सगळेच असं लिहितो:

“परमपूज्य माईंच्या कृपाछत्राखाली असंख्य भाविकांच्या जीवनाला नवी दिशा मिळाली असून त्यांचे कार्य शब्दातीत आहे.”

यातलं एकही अक्षर तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा:

“तालुक्याच्या रुग्णालयात रात्री थांबणाऱ्या नातेवाइकांना जेवण मिळत नाही, हे त्यांनी कीर्तनासाठी आल्यावर पाहिलं. त्या वर्षीपासून कीर्तनाची सगळी बिदागी त्यांनी भाकरी-पिठल्यासाठी वापरली. आज रोज संध्याकाळी सात वाजता प्रवेशद्वाराजवळ जेवण वाढलं जातं. कोण कुठल्या जातीधर्माचा, हे विचारलं जात नाही. रुग्णालयाचं पत्र सोबत जोडलं आहे.”

कुठे, कधीपासून, कोणासाठी, पैसा कुठला, पुरावा काय, हे सगळं पाच वाक्यांत बसलं.

मजकुरात आणखी तीन गोष्टी आवर्जून आणा.

पहिली, सेवा सगळ्यांसाठी खुली आहे का. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी यांना २०१५ साली पद्मभूषण मिळालं, २०१९ मध्ये वयाच्या १११ व्या वर्षी ते गेले. मठ लिंगायत परंपरेचा, पण तिथल्या पंगतीत आणि वर्गात हजारो मुलं जातधर्म न बघता बसत आली. तुमच्या उमेदवाराच्या कामात हे असेल तर एका खऱ्या प्रसंगानं दाखवा.

दुसरी, नेतृत्व. एकट्यानं रात्रंदिवस राबणं मोठंच आहे, पण त्या माणसामुळे आणखी कोण उभं राहिलं? कीर्तन ऐकून दारू सोडलेला कोणी आज चूल सांभाळतो का? मुली पखवाज शिकून स्वतःचं मंडळ चालवतात का? बाई आजारी पडल्या तेव्हा जेवण थांबलं की चालू राहिलं? माझ्या मते सगळ्यात वजनदार उत्तर या शेवटच्या प्रश्नाचं असतं.

तिसरी, अडचण. दुष्काळात, करोनात, देणगी आटली तेव्हा काय केलं? इथे एखादा परिच्छेद निवांत लिहा, कारण त्या माणसाचा कस इथेच दिसतो.

चमत्कार लिहू नका. दर्शनानं आजार बरे झाले, अंगारा लावून मूल झालं अशा गोष्टी भाविक मनापासून सांगतात, त्यांचा अपमान करायचा नाही. त्या अर्जात मात्र येऊ देऊ नका. दुसऱ्या पंथावर टीका नको, राजकीय नेत्यांसोबतच्या भेटींची यादी नको, “लाखो अनुयायी” नको.

निवड करणाऱ्यांसमोर देशभरातले अर्ज असतात. म्हणून मराठी ठराव, पत्रं, कात्रणं जोडताना प्रत्येकाचा दोन-तीन ओळींचा इंग्रजी किंवा हिंदी सारांश लावा. सारांश करणारा माणूस वारी, माधुकरी, भंडारा हे शब्द जाणणारा हवा. मशिनी भाषांतरावर सोडलं तर भंडाऱ्याचं काय होईल सांगता येत नाही.

६. पोर्टलवर भरणं

नामांकन फक्त ऑनलाइन स्वीकारतात. जागा एकच, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल: अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन (awards.gov.in). पत्ता स्वतः टाइप करा, कोणी पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका.

स्वतःची नोंदणी करताना तुमची माहिती आणि मोबाइल लागतो, ओटीपी येतो. हा मोबाइल तुमचा हवा, सायबर कॅफेवाल्याचा नको. मग चालू वर्षाचे पद्म पुरस्कार निवडा, उमेदवाराची माहिती भरा, पायरी आणि क्षेत्र निवडा, मजकूर चिकटवा, कागद जोडा. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून, शब्द मोजून ठेवा, थेट रकान्यात लिहीत बसू नका. पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाकडून जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तपासून घ्या.

मुदतीबद्दल दक्ष राहा, ती दर वर्षी बदलू शकते. २०२५ च्या पुरस्कारांसाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ अशी मुदत होती. २०२६ च्या पुरस्कारांसाठी खिडकी १५ मार्च २०२५ लाच उघडली आणि शेवटची तारीख म्हणून ३१ जुलै जाहीर झाली. म्हणजे “गणपतीनंतर भरू” म्हणणारे यात मागे पडले असते. कागद फेब्रुवारीत तयार हवेत, आणि आषाढी वारीला निघण्याआधी अर्ज पाठवून मोकळं व्हावं.

स्वतःचं नावही स्वतः पाठवता येतं, नियम तशी मुभा देतो. राज्य सरकारं, केंद्राची खाती, याआधीचे भारतरत्न आणि पद्मविभूषण मानकरी अशा अनेकांकडूनही नावं जातात. जिल्ह्यात ओळख असेल तर राज्याच्या वाटेनंही प्रयत्न करा, पण तिच्यासाठी थांबून स्वतःचा अर्ज लांबवू नका.

७. पाठवल्यानंतर

पद्म पुरस्कार समिती दर वर्षी पंतप्रधान नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर तिच्यात असतात. समितीची शिफारस पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जाते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला यादी येते. प्रदान सोहळा राष्ट्रपती भवनात, बहुतेकदा मार्च-एप्रिलच्या सुमारास होतो.

मधल्या काळात दोन प्रकारची माणसं भेटतील.

एक, “दिल्लीत आपला माणूस आहे” म्हणणारे. नामांकनाला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. याच सुमारास खाजगी संस्थांचे फोनही येऊ लागतात: ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ अशी नावं, मानद डॉक्टरेट, आणि हॉटेलातल्या समारंभाची ‘नोंदणी फी’. हा मान नव्हे, विक्री आहे. अन्नछत्राच्या पैशातून एकही विश्वस्त यात शिरणार नाही याची काळजी घ्या.

दोन, उत्साही भक्तमंडळी. त्यांना एकच मजकूर हजार जणांकडून पाठवायचा असतो, चौकात फ्लेक्स लावायचा असतो. नीट केलेलं एक नामांकन पुरेसं आहे. फ्लेक्स लागला आणि २५ जानेवारीला नाव आलं नाही, तर ज्यानं काही मागितलंच नव्हतं त्याच्या पदरी जाहीर अपयश पडतं. गावात न सांगण्याची बाईंची अट पाळा म्हटलं, त्याचं दुसरं कारण हे.

नाव नाही आलं तर पुढच्या वर्षी नव्यानं पाठवा. तोच मजकूर पुन्हा न चिकटवता वर्षभरात काय घडलं ते घाला, वहीतले आकडे घाला, कच्चे पुरावे पक्के करा. राज्य पातळीवरही बघा. संतसाहित्य आणि संतांना अभिप्रेत असलेल्या मानवतावादी कामासाठी महाराष्ट्र शासनाचा ज्ञानोबा-तुकाराम पुरस्कार आहे, वारकरी परंपरेतल्या माणसासाठी तो फार जवळचा मान आहे.

८. गावचा सत्कार

पुरस्कार मिळो न मिळो, गावाला सत्कार करावासा वाटतो आणि करावाच. फक्त काही गोष्टी सांभाळा.

ऊन आणि गर्दी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. भर उन्हात लाखो श्रीसदस्य बसले होते आणि त्यातल्या काहींचा उष्माघातानं मृत्यू झाला. श्रद्धेनं आलेला माणूस तहान लागली तरी जागेवरून उठत नाही, हे आयोजकांनी आधीच धरून चालायला हवं. मार्च ते जूनमध्ये कार्यक्रम असेल तर संध्याकाळी घ्या, छत असल्याशिवाय माणसं बसवू नका, पाणी जागेवर पोहोचवा, रुग्णवाहिका उभी ठेवा, भाषणं कमी करा. यात तडजोड नको.

पुरस्कार मिळालाच तर निमंत्रणपत्रिका छापताना सांभाळा. ‘पद्मश्री’ हे नावाआधी किंवा नावानंतर लावता येत नाही. राज्यघटनेच्या कलम १८ नं किताब रद्द केले आहेत. हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि ते नावाला जोडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात स्पष्ट केलं. लेटरहेड, पत्रिका, पोस्टर, पुस्तकं सगळीकडे हा नियम लागतो आणि गैरवापर झाला तर पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो. “२०२० च्या पद्मश्री पुरस्काराच्या मानकरी” असं वेगळ्या वाक्यात लिहा.

शाल-श्रीफळ एकदाच, गावाच्या वतीनं द्या. प्रत्येक मंडळाची वेगळी शाल आली की ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे तो माणूस तासभर उभाच राहतो. शालींचे पैसे एकत्र करून न्यासाच्या खात्यावर चेकनं द्या आणि पावती घ्या. ज्यांनी नकार दिला त्यांच्यासाठी तर हीच रीत बरी: त्यांच्या नावानं एका महिन्याचा शिधा, एका मुलीची वसतिगृहाची फी, किंवा त्यांच्या वाढपाच्या पाळीत गावातून दर आठवड्याला चार माणसं. गाडगेबाबांच्या नावानं गावं झाडली गेली, तो याच जातीचा मान होता.

आणि जमवलेली फाइल अर्ज पाठवल्यावर घरी नेऊन ठेवू नका. तिची एक प्रत न्यासाच्या कपाटात, एक ग्रामपंचायतीत आणि स्कॅन केलेली एक दोन तरुण कार्यकर्त्यांकडे ठेवा. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीसाठी, रुग्णालयाकडून जागेची परवानगी वाढवून घेण्यासाठी, देणगीदारांना आयकरात सवलत देणारी ऐंशी-जीची नोंदणी करताना हेच कागद पुन्हा लागतात. आमच्या अन्नछत्राला पिण्याच्या पाण्याची जोडणी याच फाइलमधल्या रुग्णालयाच्या पत्रावर मिळाली.